एकाच घरातले दोन अनोळखी संगणक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरात दोन संगणक आहेत. एक जुना, माडीवरच्या खोलीत ठाण मांडून बसलेला. दुसरा मुलीचा लॅपटॉप, तो घरभर फिरतो. दोघांनाही इंटरनेट एकाच राउटरमधून मिळतं. तरीही परवापरवापर्यंत त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. एकाच वाड्यात राहून बोलणं टाकलेल्या भावांसारखी त्यांची गत होती.

ती ओळख करून द्यायची वेळ आली आईच्या ओव्यांमुळे. पंचवीसएक वर्षांपूर्वी मी आईला जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावून टेप करून ठेवल्या होत्या. पुढे त्या कॅसेटींवरून जुन्या संगणकात उतरवल्या. आता आई नाही. कोणती ओवी कुठल्या प्रसंगाची, कुणावर रचलेली, हे सांगू शकेल अशी एक ताईच उरली आहे. तिचे गुडघे दुखतात, तिला जिना चढवत नाही. तेव्हा तिने खाली झोपाळ्यावर बसून लॅपटॉपवर ऐकावं आणि वहीत नोंद करावी, असं ठरलं. वरच्या संगणकातला फोल्डर 'शेअर' केला की झालं, असं मी धरून चाललो होतो. त्यात माझे दोन दिवस गेले.

ते दोन दिवस गेले, कारण मी दिसेल ते बटण दाबत सुटलो. नळाला पाणी आलं नाही तर आपण आधी टाकी बघतो, मग पाइप, मग तोटी. इथेही तसाच क्रम लागतो. मला तो उशिरा सापडला, तुम्हाला आधीच सांगतो.

पहिला प्रश्न असा की, दोन्ही संगणक खरोखर एकाच नेटवर्कवर आहेत का? दोन्हीकडे 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी. आकड्यांतला पत्ता दिसतो. घरात तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो, आणि दोन्हीकडे पहिले तीन आकडे सारखे असले की सहसा ठीक असतं. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही असं समजावं आणि वायर किंवा वाय-फाय तपासावं. आमच्याकडे तिसरा आकडा वेगळा निघाला. लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' वाय-फायवर होता! पाहुण्याला ओसरीवर बसवायचं, माजघरात येऊ द्यायचं नाही, हेच त्या गेस्ट नेटवर्कचं काम. काही राउटरांत आकडे सारखे दिसूनही ही आडकाठी असते, म्हणून वाय-फायचं नावही पाहून घ्यावं.

दुसरा प्रश्न, वरचा संगणक जागा आहे का? तो झोपी गेला, म्हणजे 'स्लीप'मध्ये गेला, की दार उघडायला कुणी नसतं.

तिसरा प्रश्न, दार लोटलेलं आहे की कडी लावलेली? विंडोज नवं नेटवर्क बहुधा 'पब्लिक' धरतं. म्हणजे आपण स्टेशनवर बसलो आहोत असं समजून ते स्वतःला लपवतं. घरच्या नेटवर्कला 'प्रायव्हेट' करावं आणि 'नेटवर्क डिस्कव्हरी' व 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करावं. जुन्या पुस्तकांत 'होमग्रुप' करायला सांगितलेलं असतं. विंडोज १० मधून तो २०१८ मध्ये काढून टाकला, तेव्हा तो शोधत बसू नये.

एवढं करूनही यादीत दुसरा संगणक दिसला नाही, तर नाव सोडून पत्त्याने हाक मारावी. फाइल एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे तो आकड्यांचा पत्ता लिहावा. असं केल्यावर फोल्डर उघडला, तर वाट मोकळी आहे, फक्त नाव सापडत नाही, एवढं निश्चित होतं.

चौथा प्रश्न ओळखीचा. दार उघडलं, पण 'तुम्ही कोण?' असं विचारलं गेलं. इथे वरच्या संगणकावरच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड द्यायचा असतो. रोज उघडताना टाकतो तो पिन इथे चालत नाही. पासवर्डच नसलेलं खातं तर विंडोज नेटवर्कवरून आतच घेत नाही. यावर उपाय म्हणजे वरच्या संगणकावर पासवर्डसह एक वेगळं साधं खातं काढायचं.

पाचवा प्रश्न परवानगीचा, आणि ती दोन ठिकाणी असते, एक 'शेअरिंग'मध्ये आणि एक 'सिक्युरिटी'मध्ये. दोन्हींत जी कडक, ती लागू होते. एकीकडे मोकळीक देऊन दुसरीकडे विसरलो, तर 'परवानगी नाही' हेच उत्तर येतं.

कुणी म्हणेल, फायरवॉलच बंद करा, नाहीतर जुनी 'एसएमबी-१' पद्धत चालू करा, म्हणजे कटकट मिटेल. तसं करू नका. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस याच जुन्या पद्धतीतल्या दोषातून जगभर पसरला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं कामसुद्धा त्याने विस्कळीत केलं. दोषावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, ती अनेकांनी बसवली नव्हती.

मी फायरवॉल बंद केली नाही, पण दुसरी चूक केली. परवानगीला कंटाळून 'सर्वांना पूर्ण अधिकार' अशी खूण करून मोकळा झालो. फोल्डर उघडला, आईचा आवाज खाली झोपाळ्यापर्यंत आला. ताई दोन दिवस ऐकत आणि लिहीत होती. तिसऱ्या दिवशी एक ओवी दुबार आहे असं वाटून तिने ती पुसली. ती दुबार नव्हती. मी वर धावत जाऊन कचरापेटी उघडली, तर ती रिकामी! नेटवर्कवरून पुसलेली फाइल 'रीसायकल बिन'मध्ये जात नाही, ती थेट जाते. मूळ कॅसेटला केव्हाच बुरशी लागली होती. नंतर पुष्कळ खटपट केली, पण ती ओवी परत आली नाही. ताईने आदल्या दिवशी तिचे शब्द वहीत लिहून ठेवले होते. ते शब्द आहेत, आवाज नाही.

तेव्हा शेवटचं सांगणं. शेअर करण्याआधी त्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा आणि ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवा. शेअर करताना फक्त 'रीड', म्हणजे वाचण्याचा अधिकार द्या. ऐकायला तेवढा पुरतो. ताईला मी बोल लावत नाही. पुसण्याचा अधिकार तिला मीच दिला होता, आणि तो तिने मागितलाही नव्हता.