सर्दीची वाट

इंग्लंडात सॉल्सबरी नावाचं गाव आहे आणि पोरांनो, त्या गावाबाहेर १९४६ सालापासून एक असलं इस्पितळ चालायचं, की तिथं धडधाकट माणसं आपल्या पायांनी यायची ती सर्दी करून घ्यायला! दहा दिवस राहणं-जेवण फुकट, अभ्यास नाहीतर वाचन करत निवांत पडायचं, आणि बदल्यात डॉक्टर नाकात जे थेंब सोडतील ते मुकाट्यानं सोडून घ्यायचे. भिजलं की सर्दी होते असं त्यांच्याकडच्या आज्याही सांगायच्या, म्हणून काहींना आंघोळीनंतर ओलेत्यानं वाऱ्यात उभं केलं, वर ओले मोजे घालायला लावले. पण नुसत्या भिजण्यानं कुणाला सर्दी धरेना.

मग ती येते कुठून? ते शोधायला त्यांनी एका माणसाच्या नाकाशी बारीक नळी बसवली, खऱ्या सर्दीत नाक जेवढं गळतं तेवढंच पाणी तिच्यातून टिपटिप सोडलं, त्यात फक्त अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग कालवला, आणि त्याला सांगितलं, बस मंडळींत पत्ते खेळत. काही तासांनी अंधार करून तो दिवा लावला, तर रुमाल चमकला हे ठीक, पण हात चमकले, पत्ते चमकले, खायचे पदार्थसुद्धा चमकले!

शिंकेतून, खोकल्यातून हवेची वाट आहेच, म्हणून तोंडाशी कोपर धरावं. पण ही हातावरची वाट आपल्याला दिसत नाही, आणि फ्लूही तिच्यावरून येऊ शकतो. आपल्याकडं १९१८ साली मुंबई बंदरातून शिरून गावंच्या गावं आडवी करणारी मानमोडी म्हणजे हा फ्लू, इन्फ्लुएंझाच. त्याचा विषाणू मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, आणि अंगावर चरबीचं पातळ पांघरूण! साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याकडं ओढतं, दुसरं चरबीत घुसतं, त्या ओढाताणीत पांघरूण फाटतं नि विषाणूचा खेळ संपतो. नेहमीच्या सर्दीचे बरेचसे विषाणू बिनपांघरुणाचे. ते फाटत नाहीत, पण चोळल्यावर सुटतात नि पाण्याबरोबर निघून जातात.

नाकही काही कमी नाही. आत बारीक केसांचं रान वाऱ्यावरच्या भातासारखं सेकंदाला दहा-बारा वेळा लवतं आणि चिकटलेली घाण शेंबडासकट घशाकडं ढकलतं. नाकाचं हे आतलं अस्तर धड राहायला 'अ' जीवनसत्त्व लागतं, ते शेवग्याच्या पाल्यात, गाजरात, पपईत आहे. विषाणूशी झुंजणारी प्रथिनं घडवायला डाळ, उसळ, अंडी लागतात. आवळा रोज खाल्ला म्हणून सर्दी टळत नाही, 'क' जीवनसत्त्वानं तिचा मुक्काम जरासा आखडतो. आणि नाक गळायला लागल्यावर खाऊन तर फारसा उपयोग नाही. अन्नाचा गुण वर्षभर धड जेवणाऱ्यालाच लागतो.

तेव्हा भाकरीला हात लावण्याआधी साबण घ्या, बोटांच्या बेचक्या, नखं चोळत वीसेक सेकंद रेंगाळा. फ्लूचा खरा तडाखा म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना बसतो. घरात दोघांपैकी कुणी असेल, तर हात त्यांच्यासाठी धुवा.