एकट्या नाविकाची वीज

परवां सायंकाळीं वीज गेली असतां धाकट्या नातवानें आम्हांस विचारलें, "आजोबा, भर समुद्रांत वीज कोठून आणतात हो?" प्रश्न पोरकट नव्हता, म्हणून उत्तर येथें जरा विस्तारानें देतों.

शिडाच्या नौकेस वारा पुरतो, मग वीज कशास, असें वाचकांस वाटेल. परंतु माणूस एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला तरी त्याला निजावें लागतेंच, आणि तो निजला असतां सुकाणू धरतें तें विजेचें यंत्र. खाऱ्याचें गोडें पाणी करणें, दिशा पाहणें, किनाऱ्याशीं बोलणें, सारें विजेवरच. सरासरी १०० वॉट लागतात असें धरलें तरी अहोरात्रांत २४०० वॉट-तास झाले. बहुतेक नाविक त्यासाठीं डिझेल जाळीत आले आहेत.

फ्रान्समधील ले साब्ल दोलोन बंदरांतून दर चार वर्षांनीं 'वाँदे ग्लोब' ही एकट्यानें, कोठेंही न थांबतां करावयाची प्रदक्षिणेची शर्यत सुटते. नोव्हेंबर २०१६ मध्यें तींत कॉनराड कोलमन हा न्यूझीलंडचा नाविक उतरला, तो तेलाचा थेंबही जाळावयाचा नाहीं या निश्चयानें. त्यापूर्वीं हाविएर सान्सो या स्पॅनिश नाविकानें तोच निश्चय केला होता. परंतु फेब्रुवारी २०१३ मध्यें अझोर बेटांजवळ त्याची नौका उलटली व त्यास तराफ्यावरून वांचवावें लागलें.

कोलमनच्या नौकेवर सूर्यप्रकाशाची वीज करणारे फलक होते. पण ढगाळ दक्षिण समुद्रांत सूर्याचा भरंवसा कोण धरणार? खरा आधार नौकेच्या पाठीमागें पाण्यांत सोडलेल्या लहानशा पंख्याचा. नौका धांवली कीं तो फिरतो व वीज होते. हेंही फुकट नव्हे. पंखा नौकेस किंचित् मागें ओढतोच. शिवाय वेग दुप्पट झाला तर पाण्याची शक्ति आठपट, आणि निम्मा झाला तर अष्टमांश! हें घनाचें गणित आम्हीं जन्मभर फळ्यावर शिकविलें, पण त्याचा अर्थ आम्हांस आतां कोठें कळला.

१० फेब्रुवारी २०१७ च्या रात्रीं पोर्तुगालच्या पश्चिमेस, दहाव्या क्रमांकावर असतां, कोलमनची डोलकाठी कोसळली. शीड गेलें तेव्हां वेग गेला, वेग गेला तेव्हां पंखा थंडावला, आणि सूर्य तर हिवाळ्याचा! शिडाखालचा आडवा दांडा उभा करून त्यानें तुटकें शीड त्यावर चढविलें. अन्न संपलें, तेव्हां संकटकाळच्या तराफ्यांतील बिस्किटें काढलीं. असे चौदा दिवस काढून, एकूण ११० दिवसांनीं, २४ फेब्रुवारीस तो बंदरांत पोहोंचला. तेल न जाळतां ती शर्यत पुरी करणारा तो पहिलाच. क्रमांक मात्र सोळावा.

"सोळावा? म्हणजे हरलाच ना?" नातू म्हणाला. आम्ही उत्तर देणार, तोंच दिवे लागले आणि स्वारी पसार झाली.