हाताचा टेकू की लपलेला दस्ता?

एआर-१५ रायफलच्या धर्तीवर बनवलेलं, पण आखूड नळीचं आणि खांद्याला लावायचा दस्ता नसलेलं हत्यार अमेरिकी कायद्याच्या लेखी पिस्तूल ठरतं. दस्ता नसला तरी मागची नळकांडी तशीच राहते, कारण धक्का झेलणारी स्प्रिंग आणि बफर तिच्यातच असतात. अपंग माजी सैनिकाला असं पिस्तूल एका हातानं चालवता यावं, म्हणून या नळकांडीवर बसणारा आणि कोपराखालच्या हाताला पट्ट्यानं बांधायचा ब्रेस निघाला. त्यामुळे पिस्तुलाचं वर्गीकरण बदलत नाही, असं तिथल्या एटीएफ या यंत्रणेनं २०१२ मध्ये कळवलं. टीकाकार मात्र त्याला दस्त्याचं सोंग म्हणतात. आरोप निराधार नाही, पण तो सरसकट सगळ्या ब्रेसना लावण्याआधी यंत्रशास्त्र पाहायला हवं.

ब्रेस धक्का सोसण्यासाठी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. हिशेब करून पाहू. साधारण ४ ग्रॅमची गोळी आखूड नळीतून सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास वेगानं सुटते. तिचा आणि तिच्यामागून सुटणाऱ्या वायूचा संवेग मिळून ५ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद धरला, तर पावणेतीन किलोचं हत्यार मागे येतं ते सेकंदाला दोन मीटरपेक्षाही कमी वेगानं. ऊर्जा जेमतेम ५ ज्यूल. बारा बोअरच्या शॉटगनचा दणका याच्या कितीतरी पट असतो. खरी अडचण वजनाची आहे. गुरुत्वमध्य मुठीच्या १२ सेंटिमीटर पुढे धरला, तर एकट्या मनगटावर तीन न्यूटन-मीटरहून जास्त पीळ येतो, आणि तोही नेम धरून असेपर्यंत सतत. तोंड खाली झुकतं, मागचं टोक वर उचललं जातं; ते दाबून धरतो तो पट्टा. मुठीपासून २० सेंटिमीटर मागे सोळा-सतरा न्यूटनचा, म्हणजे दीड-पावणेदोन किलो वजनाइतका ताण पुरतो. तोच पट्टा मनगटाजवळ सरकवला की तरफ आखूड होते आणि ताण वाढतो. सैल ठेवला तर ब्रेस नुसता लटकतो. गोळी सुटताना उलट घडतं: तोंड वर उडतं, मागचं टोक खाली हातावर दाबलं जातं, आणि तिथे पट्ट्यावाचूनही भागतं.

आक्षेप असा, की बहुतेक लोक पट्टा बांधतच नाहीत. ब्रेसचा मागचा भाग थेट खांद्याला लावतात. ते खरं आहे, आणि भौतिकशास्त्र त्यांना अडवत नाही: रुंद मागची बाजू खांद्यावर टेकतेच. बोल्डरमध्ये २०२१ साली दहा जणांचे बळी घेणाऱ्या हल्लेखोराकडे ब्रेस लावलेलं असंच पिस्तूल होतं. पण १९३४ चा कायदा हत्यार खांद्यावरून झाडण्यासाठी घडवलं आहे का, असं विचारतो, आणि तसं असून नळी १६ इंचांपेक्षा आखूड असेल तर नोंदणी मागतो. घडवणाऱ्याचा हेतू आकारावरून पूर्ण वाचता येत नाही. एटीएफनं २०२३ च्या नियमात मागच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, लांबी, वजन अशा खुणा एकत्र करून तो वाचायचा प्रयत्न केला. टेक्सासमधल्या न्यायालयानं २०२४ मध्ये नियमच रद्द केला. माझ्या मते त्या खुणा बऱ्याचशा खांद्याकडूनच पाहणाऱ्या होत्या. पट्टा प्रौढ माणसाच्या हाताभोवती पुरतो का, बांधल्यावर तोंडाचा झोक खरोखर पेलतो का, हे साध्या स्प्रिंगकाट्यानं मोजता येतं. शोभेपुरत्या पट्ट्याचे ब्रेस तिथेच उघडे पडतील. अपंग नेमबाजाच्या उपयोगाचे तगतील, मग पुढे कोणी ते खांद्याला लावो वा न लावो.