*गाडी तापली की बंद, थंड झाली की चालू? क्रँक सेन्सर बदलायच्या आधी हे तपासा*



सोयाबीनची वाहतूक सुरू आहे. माल भरून गाडी निघते, तासभर झकास चालते आणि चालता चालता एकदम बंद पडते. सेल्फ मारला तर जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. अर्धा-पाऊण तास थांबलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. कुणी म्हणतं पंप गेला, कुणी म्हणतं इंजेक्टर. अशा लक्षणांत पहिला संशय क्रँक सेन्सरवर घ्यावा. पण संशय घेणं वेगळं आणि लगेच नवा सेन्सर विकत आणणं वेगळं.

*कोणत्या गाड्यांना लागू?*
जुन्या इनोव्हा, इसुझू डी-मॅक्स, सुझुकी सुपर कॅरी अशा जपानी घराण्याच्या गाड्या, आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या सगळ्या बीएस-६ पिकअप. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरलाही जानेवारी २०२३ पासून नवे धूर-नियम लागू झाले, त्यामुळे कॉमन रेल इंजिन असलेल्या नव्या ट्रॅक्टरलाही हेच लागू. जुन्या साध्या पंपाच्या ट्रॅक्टरला हा सेन्सर नसतो, त्यांनी हा मेसेज सोडून दिला तरी चालेल.

*हा सेन्सर करतो काय?*
क्रँकवर किंवा फ्लायव्हीलजवळ दाते असलेली चकती असते. तिचे एक-दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. दाता समोरून गेला की सेन्सर कॉम्प्युटरला खूण देतो, आणि रिकामी जागा आली की पिस्टन नेमका कुठे आहे ते कॉम्प्युटरला कळतं. त्यावरून डिझेल कधी सोडायचं ते ठरतं. खूण बंद झाली की डिझेल बंद, इंजिन बंद. कॅम सेन्सर वेगळा. तो कोणत्या सिलिंडरची पाळी आहे ते सांगतो. तो बिघडला तर बऱ्याच गाड्या उशिरा का होईना सुरू होतात, पण ओढत नाहीत.

गरम झाल्यावरच बंद का? सेन्सरच्या आतल्या बारीक तारेला चीर असेल तर उष्णतेने ती फाकते, थंड झाल्यावर परत जुळते.

*घरच्या घरी तपासणी, याच क्रमाने*

१) आधी बॅटरी. सेल्फ मारताना मल्टिमीटरवर व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि तिची टोकं बघा. कमी व्होल्टेजवर कॉम्प्युटरच गोंधळतो आणि दोष सेन्सरवर जातो.

२) सेल्फ मारताना मीटरमधला आरपीएमचा काटा बघा. बऱ्याच गाड्यांत तो थोडा तरी हलतो. अजिबात हलत नसेल तर क्रँक सेन्सरची खूण पोचत नाही असं समजा. काटा हलतो पण गाडी सुरू होत नाही, तर डिझेल फिल्टर, पाणी, हवा धरणं इकडे वळा.

३) स्कॅनर लावा. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचे सर्किट, पी ०३४० म्हणजे कॅम सेन्सरचे. *सर्किट* या शब्दाकडे नीट बघा. त्यात सेन्सर, कपलर, वायर सगळं आलं. कोड सेन्सर खराब आहे असं सांगत नाही, खूण येत नाही एवढंच सांगतो. फिटरने कोड उडवायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. पी ००१६ आला तर मात्र क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही, म्हणजे टायमिंगचा पट्टा किंवा चेन सरकलेली असू शकते. मग *सेल्फ मारत बसू नका*, वॉल्व्ह वाकू शकतात. गाडी ओढून न्या.

४) कपलर आणि वायर. आपल्याकडे खरा घोटाळा बहुतेक वेळा इथेच सापडतो. गाडी पोत्यांच्या थप्पीजवळ उभी असते आणि उंदरांना वायरचं आवरण फार आवडतं. प्रेशर पंपाने इंजिन धुतल्यावर कपलरमध्ये पाणी राहतं, काळ्या मातीचा लेप बसतो. चावी बंद करून कपलर काढा, पिना हिरव्या पडल्यात का बघा, वाळवून परत लावा. वायर सायलेन्सरला किंवा सेल्फच्या जाड केबलला घासते का तेही बघा.

५) मग सेन्सर काढून टोक बघा. टोकाला चुंबक असेल तर लोखंडाचा बारीक कीस चिकटतो. तो पुसून काढा. टोक घासलं गेलं असेल तर चकती डुगडुगते आहे, नवा सेन्सरही तसाच जाईल.

मल्टिमीटर लावणाऱ्यांसाठी: दोन वायरचा सेन्सर असेल तर ओहम मोजा, गरम असताना आणि थंड असताना. गरम झाल्यावर रीडिंग एकदम तुटत असेल तर सेन्सर गेला. तीन वायरचा असेल तर *ओहम मोजू नका*, तो वेगळ्या जातीचा आहे. चावी ऑन करून त्याच्या कपलरला पुरवठा आणि अर्थ येतो का तेवढं बघा.

*हे मात्र करू नका ⚠️*
जुन्या इंजिनला हवा काढायला इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करायची सवय असते. कॉमन रेलमध्ये चालू इंजिनचा दाब हजार बारच्या वर जातो. टायरमध्ये हवा असते दोन-चार बार. हा फवारा कातडीतून आत शिरतो, वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, आणि बोट गमवायची वेळ येते. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना.

*घाटात बंद पडली तर*
राजूर घाट किंवा बोथा घाट उतरताना इंजिन बंद पडलं तर स्टेअरिंग जड होतं, आणि ब्रेकची ताकद एक-दोन दाबांपुरतीच उरते. पाय पंपासारखा मारू नका, एकदाच दाबून धरा. गाडी गिअरमध्येच राहू द्या, चावी लॉकपर्यंत फिरवू नका. थांबल्यावर हँडब्रेक ओढा आणि टायरखाली दगड लावा. एकदा जरी असं बंद पडण्याचं लक्षण दिसलं असेल, तर तपासणी होईपर्यंत भरलेली गाडी घाटात घालू नका, माल दुसऱ्या गाडीने पाठवा.

*सेन्सर घ्यायचाच झाला तर*
चेसिस नंबर देऊन घ्या. दिसायला सारखे सेन्सर आतून वेगळे असतात, आणि "जपानी ओरिजिनल" छापलेल्या डब्यातला माल जपानी असतोच असं नाही. बसवताना रबरी रिंगला थोडं इंजिन ऑइल लावा, हाताने दाबून बसवा, हातोडी नको. जुना सेन्सर फिटरकडून परत मागून घ्या.

कोड समजत नसेल तर स्क्रीनचा फोटो, गाडीचं मॉडेल आणि साल ग्रुपवर टाका. फक्त "गाडी बंद पडली" एवढं लिहू नका. *गरम असताना की थंड असताना, भरलेली की रिकामी, आरपीएमचा काटा हलतो की नाही*, एवढं लिहा.