बारा-शून्य-बाराची वर्षं

ऐंशीच्या दशकात यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात गव्हा-हरभऱ्याचं ओलित सुरू झालं, की संध्याकाळी घरातले बल्ब मिणमिणायला लागायचे. डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, एकच आणि तिच्यावर विहिरींच्या मोटारी भरमसाट. 230 व्होल्ट यायला हवेत तिथे 170 यायचे. ट्यूबलाइट नुसती फडफडायची, टीव्हीचं चित्र चारही बाजूंनी आक्रसायचं. जानेवारी 1987 मध्ये ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारी सकाळी टीव्ही असलेल्या घरात अख्खी आळी जमू लागली. ऐन वेळी चित्र गेलं तर घरधन्याला तोंड दाखवायला जागा उरायची नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या पोरांच्या हातात लहान ट्रान्सफॉर्मर आले ते या अडचणीतून.

बाजारात सहज मिळायचा तो बारा-शून्य-बारा, एक अँपिअरचा. 230 व्होल्ट दिले की दुसऱ्या बाजूच्या दोन टोकांत 24 व्होल्ट मिळतात. ही 24 व्होल्टची गुंडाळी घरात येणाऱ्या फेजच्या वाटेतच सिरीजमध्ये घातली, तर तिचा दाब मूळच्या दाबात मिळतो. 170 येत असताना तिच्यातून साधारण 18 निघतात, म्हणजे टीव्हीला 188. तसाच दुसरा जोडला की 205 च्या आसपास. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती वेगळीच. ट्रान्सफॉर्मरची ताकद जेमतेम 24 व्होल्ट-अँपिअरची, पण त्याच्या जोरावर पावणेदोनशे वॅटचा भार चालतो. कारण त्याला सगळी वीज उचलायची नसते, फक्त कमी पडलेल्याची भर घालायची असते.

मात्र टोकं उलटी लागली, की तेच 18 व्होल्ट वजा होतात आणि 170 चे 152 होतात. पट्टीवर आकडा लिहिलेला असतो. गुंडाळीचं कुठलं टोक सुरुवातीचं, ते लिहिलेलं नसतं. ते शोधायचं म्हणून आधी मुख्य वायरीत 100 वॅटचा बल्ब सिरीजला टाकायचा. जोडणीत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि तांब्याची गुंडाळी वाचते. मग मीटर लावून बघायचं: दाब वाढला तर टोकं बरोबर, घटला तर अदलाबदल. दोन ट्रान्सफॉर्मर पॅरलल करताना तर याहून जपावं लागायचं. एक जोड पक्का करायचा, दुसरा मोकळा ठेवून त्या मोकळ्या टोकांत मीटर धरायचा. शून्याच्या जवळ दाखवलं तरच जोडायचं. दोन वेगळ्या कंपन्यांचे माल असले आणि एकाचे 12, दुसऱ्याचे पावणेतेरा निघाले, तर भार नसतानाही त्यांच्या आपसांत प्रवाह फिरतो आणि दोघंही तापतात. हात लावून तापमान पाहणं हाही त्या वेळी तपासणीचाच भाग होता.

सिरीज-पॅरललची ही कोडी जगानेही अशीच सोडवली आहेत. 1884 मध्ये इटलीतल्या ट्युरिनच्या प्रदर्शनात गोलार आणि गिब्स यांनी ट्रान्सफॉर्मर एकामागे एक सिरीजमध्ये जोडले होते. त्या पद्धतीत एकीकडचा भार बदलला की बाकीच्यांचा दाब हलायचा. पुढच्याच वर्षी बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या तिघा अभियंत्यांनी ते पॅरलल जोडून दाखवले. आज प्रत्येक खांबावरची डीपी त्याच पद्धतीने लागलेली असते.

आमच्या त्या सिरीज जोडणीचं, म्हणजे बूस्टरचं, दुखणं रात्री कळायचं. मोटारी बंद झाल्या की लाइन 240 वर चढायची आणि दोन ट्रान्सफॉर्मरचा बूस्टर त्याचे 290 करायचा. झोपण्याआधी बूस्टर बंद करायचं बटण फिरवायचं राहिलं, तर सकाळी काहीतरी जळलेलं असायचं. पुढे रिले लावलेले आपोआप बदलणारे स्टॅबिलायझर आले आणि ही हातजोडणी मागे पडली. दुसरा धोका मात्र जिवाशी होता. ‘बारा व्होल्टची बाजू आहे, काही होत नाही,’ असं समजून लोक त्या वायरींना हात घालायचे. फेजमध्ये सिरीज केल्यावर त्या बाजूला बारा व्होल्ट उरतात कुठे? जमिनीच्या हिशेबाने तिच्यावर पूर्ण लाइनचा दाब असतो. हे प्रत्येकाला ओरडून सांगायला हवं होतं.

2018 पासून राज्यात उच्चदाब वितरण प्रणालीतून एक-दोन शेतकऱ्यांमागे एक लहान डीपी देणं सुरू झालं. मागोमाग सौर पंप आले. नवे टीव्ही तर 100 ते 240 व्होल्टमध्ये कुठेही चालतात. त्यांच्या पोटात तो जड लोखंडी ट्रान्सफॉर्मरच नाही.

जोडण्यांचे प्रयोग तरीही थांबलेले नाहीत. रानडुकरं आणि रोही वावरात शिरू नयेत म्हणून कुंपणाला झटका मशीन लावतात. नीट बनवलेलं मशीन साधारण सेकंदाला एकदा, क्षणभरच झटका देतं, म्हणून जनावर हटतं आणि वाचतं. काही जण तेवढा खर्च टाळायला कुंपणाला थेट लाइन जोडतात आणि त्यात विदर्भात माणसं गेली आहेत. घरी बनवलेल्या इन्व्हर्टरमध्ये उलटा लावलेला ट्रान्सफॉर्मर सलग 230 व्होल्ट देत राहिला, तर त्याचाही भरवसा नाही. आयटीआयच्या पोरांना मी आधी सिरीजचा बल्ब करायला लावीन, आणि लगेच या कुंपणाचा हिशेब मांडून दाखवीन: दाब किती, किती वेळ, आणि मध्ये सापडलेल्याला सुटायला किती अवधी मिळतो.