विहिरीपासून 'वॉटर क्यूब'पर्यंत

मी पोहायला शिकले ती आमच्या मळ्यातल्या विहिरीत. पाठीला वाळका भोपळा बांधून दादांनी मला पाण्यात सोडले, तेव्हा मी सात वर्षांची होते. चारपाच पोरांनी एकदम उड्या टाकल्या, की लाट दगडी कडेवर आपटून उलटी येई आणि नाकातोंडात पाणी जाई. त्या उलट्या लाटेचे कोडे मला उलगडले ते महाविद्यालयात आल्यावर, बीजिंगच्या जलतरण-तलावाविषयी वाचताना. तेच येथे सांगावयाचे योजिले आहे.

२००८ च्या ऑलिंपिकसाठी चीनने ही वास्तू उभारली. तिला 'वॉटर क्यूब' म्हणजे पाण्याचा ठोकळा म्हणतात. लांबी आणि रुंदी प्रत्येकी १७७ मीटर, उंची ३१ मीटर. दुरून पाहिले तर साबणाच्या फेसाचा एक मोठा चौकोनी तुकडा कापून ठेवल्यासारखी ती दिसते, आणि हे साम्य केवळ दिखाऊ नाही.

एकसारख्या आकारमानाच्या फुग्यांनी जागा भरायची, तर मधल्या पडद्यांना कमीत कमी क्षेत्रफळ लागेल अशी रचना कोणती, असा प्रश्न लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये मांडला होता. त्यांनी सुचविलेल्या रचनेपेक्षा सरस रचना डब्लिनच्या वेअर आणि फेलन या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये शोधली. तीच या इमारतीच्या पोलादी सांगाड्याचा आधार आहे. सांगाड्याच्या प्रत्येक घरात पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यांची हवा भरलेली उशी बसविली आहे. या उश्यांतून ऊन आत येते, उजेड मिळतो आणि पाणी तापविण्याचा खर्चही वाचतो.

आता लाटेकडे वळू. पोहणारा हातपाय मारतो, तेव्हा लाटा बाजूला जातात तशा खालीही जातात. तळ उथळ असेल, तर त्या तळावर आपटून परत वर येतात आणि पोहणाऱ्याला अडवतात. म्हणून हा तलाव तीन मीटर खोल केला. खोल पाण्यात लाट परतण्यापूर्वीच विरून जाते. काठाशी जाळीदार पन्हळी आहेत. उसळलेले पाणी भिंतीवर न आपटता त्यांत उतरते. दोन मार्गांमधल्या दोरीवरच्या फिरत्या चकत्या शेजाऱ्याची लाट मोडतात. आमच्या विहिरीत नेमके हेच नव्हते! कडा उभ्या, दगडी. लाटेला जायला वाटच नाही.

या तलावात त्या वर्षी वीसहून अधिक जागतिक विक्रम झाले. मायकेल फेल्प्सने आठ सुवर्णपदके मिळविली. अर्थात सारे श्रेय तलावाचे नव्हे. त्या वर्षी निघालेल्या खास पोहण्याच्या पोशाखांचाही त्यात वाटा होता. तसल्या पोशाखांवर २०१० पासून बंदी आली. आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे याच पाण्यात पोहला, तेव्हा तो अवघा सोळा वर्षांचा होता.

स्पर्धा संपल्यावर अशा अनेक वास्तू ओस पडतात. येथे मात्र २०१० मध्ये इमारतीच्या एका भागात जलक्रीडा-उद्यान सुरू झाले आणि सामान्य माणसे तिकीट काढून पाण्यात उतरू लागली. २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी तर तलाव रिकामा करून त्यात पोलादी मांडणी उभारली, वर बर्फ जमवला आणि त्यावर कर्लिंगचे, म्हणजे बर्फावरून दगडी गोटे सरकवण्याचे, सामने झाले.

माझ्या मते या वास्तूचे खरे मोठेपण विक्रमांत नाही. ते खेळाडू गेल्यावर तिची दारे इतरांना उघडी झाली यात आहे. हे मला विशेष जाणवते. मी सहावीत गेले आणि आजीने "आता मोठी झालीस, पुरे" म्हणून माझे पोहणे बंद केले. धाकटा भाऊ अजून त्याच विहिरीत सूर मारतो. मी काठावर धुणे धुते. आमच्या तालुक्याला वॉटर क्यूब नको. पंचवीस मीटरचा साधा तलाव आणि मुलींसाठी राखून ठेवलेला एक तास, एवढे झाले तरी पुष्कळ.

दिवाळीच्या सुट्टीत हे सारे मी दादांना सांगितले. लाट का परत येते, तेही जमिनीवर रेघा ओढून दाखवले. ते बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "उन्हाळ्यात उतर विहिरीत. आजीचं मी बघतो."

उन्हाळ्याला अजून चार महिने आहेत.