नैसर्गिक वायूवर चालणारी मोटार

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पेट्रोल मिळेनासें झालें, तेव्हां आपल्या देशांतील कित्येक मोटारबसगाड्यांना कोळशाची भट्टी जोडण्यांत आली होती. ती पेटवावयाची, तिच्यांतून जळण्याजोगा वायु निघूं लागेपर्यंत वाट पाहावयाची, आणि मग उतारू घेऊन निघावयाचें, असा तो खटाटोप असे. चढणीवर गाडीचा जीव अर्धा होई. पेट्रोलचा दुष्काळ सरला तशा भट्ट्याही गेल्या. आज मुंबई, पुणें, दिल्ली या शहरांतून वायूवर चालणाऱ्या रिक्षा, टॅक्सी, बसगाड्या व घरगुती मोटारी लाखांनीं धांवत आहेत. परंतु हा वायु निराळा. तो भट्टींत करावा लागत नाहीं, भूगर्भांतून निघतो. भट्टीचा जाच संपला खरा, पण तिच्या जागीं दुसरा प्रश्न आला. हा वायु गाडींत सांठवावा कसा, आणि संपल्यावर पुनः भरून घ्यावा कोठें? मोटार घेणाऱ्या पुष्कळांना हा प्रश्न ती दारांत उभी राहिल्यावर सुचतो.

या वायूंत मुख्य अंश मिथेनचा असतो. पश्चिम समुद्रांतील 'मुंबई हाय' या क्षेत्राचा शोध १९७४ सालीं लागला, आणि पुढें तेथील वायु समुद्रतळावरील नळांवाटे उरणच्या किनाऱ्यास येऊं लागला. देशाची आजची गरज मात्र देशांतील वायूनें भागत नाहीं. सुमारें निम्मा वायु परदेशांत अतिशय थंड करून, द्रवरूपानें जहाजांतून आणावा लागतो. रत्नागिरी जिल्ह्यांतील दाभोळ हें तो उतरविण्याच्या ठिकाणांपैकीं एक होय.

एक किलो वायूंत सुमारें दीड लिटर पेट्रोलइतकी उष्णता असते. पण दीड लिटर पेट्रोल दोन बाटल्यांत मावतें, आणि एक किलो वायूला, तो मोकळा ठेवल्यास, भिंतीशीं उभ्या केलेल्या एखाद्या मोठ्या कपाटाएवढी जागा लागते. म्हणून तो दाबून भरावा लागतो. हा दाब किती? मोटारीच्या चाकांत हवेचा जो दाब असतो, त्याच्या सुमारें नव्वदपट. एवढा दाब सोसण्यास जाड पोलादाची टाकी हवी, व ती जवळजवळ एका माणसाच्या वजनाची भरते. तींत ६० लिटर पाणी मावेल अशी ती असली, तर वायु भरतो कसाबसा नऊ किलो. सामान ठेवण्याची मागील जागा बव्हंशीं तीच व्यापते. अलीकडे, २०२३ पासून, एका मोठ्या टाकीऐवजीं दोन लहान टाक्या तळाशीं बसविलेल्या गाड्याही आपल्याकडे निघाल्या आहेत, त्यामुळें प्रवासाच्या बॅगा ठेवावयास कांहीं जागा सुटते.

आतां पंपाचा विचार. ज्या पंपापर्यंत नळ पोंचला आहे, तेथें कॉम्प्रेसर वायु दाबून पोलादी टाक्यांच्या जुडग्यांत सांठवून ठेवतो. जेथें नळ नाहीं, तेथें असें जुडगें ट्रकवर लादून दुरून आणावें लागतें. या धंद्यांत जेथून ट्रक भरून निघतो त्या केंद्रास 'मदर स्टेशन' व जेथें तो येतो त्यास 'डॉटर स्टेशन' म्हणतात, आणि तीं नांवें चांगलीं साजतात. माहेरचा डबा येईपर्यंत लेकीच्या घरची चूल थंडच.

ट्रक उभा असतांही पुष्कळदां वायु मिळत नाहीं, याचें नवल वाटतें. पाणी उंचावरून सखल जागीं वाहतें, तसा वायु अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जातो. ट्रकवरील टाक्या पहिल्या कांहीं गाड्यांना भरभरून देतात. पण त्या जों जों रित्या होतात तों तों त्यांचा दाब उतरतो, आणि त्यांचा दाब व गाडींतील दाब सारखे झाले कीं प्रवाह थांबतो. वायु शिल्लक असतो, पण पुढें सरत नाहीं. पंपावरचा माणूस "प्रेशर नाहीं" असें म्हणतो तें यामुळें. दाब वाढविणारें यंत्र बसविलें असल्यास काम पुढें चालतें, परंतु सावकाश.

दुसरी एक गोष्ट पुष्कळांच्या रागाचें कारण होते. सायकलच्या पंपानें हवा भरतांना त्याचें टोंक हातास चटका देतें, हें प्रत्येक मुलास ठाऊक असतें. दाबला गेलेला वायु तापतो. मोटारीची टाकी दोनचार मिनिटांत भरली म्हणजे तींतील वायूही तापतो, आणि तापलेला वायु थोडाच मावतो. दाब पुरा झाला असें काटा दाखवितो. पुढें टाकी निवाली कीं तोच काटा खालीं सरकतो, आणि मालकास वाटतें, पंपवाल्यानें फसविलें. पण तेथें पैसे दाबाचे घेत नाहींत, वजनाचे घेतात. वायु ज्या नळींतून जातो ती नळी कंप पावत असते. वायूच्या प्रवाहानें त्या कंपांत जो फरक पडतो, त्यावरून किलो मोजले जातात. काटा उतरला म्हणून वायु चोरीस गेला असें होत नाहीं.

टाकींतून इंजिनाकडे जातांना याच्या उलट घडतें. दाब उतरला कीं वायु गार पडतो. म्हणून दाब उतरविणाऱ्या यंत्राभोवतीं इंजिनाचें गरम पाणी फिरवितात, आणि पुष्कळशा गाड्या सुरू होतात पेट्रोलवर व थोड्या तापल्यावर वायूवर जातात.

खर्चाचा हिशेब ज्यानें त्यानें मांडून पाहावा. समजा, वायूच्या गाडीस ९०,००० रुपये अधिक पडले आणि किलोमीटरमागें अडीच रुपये वाचले, तर ते पैसे फिटण्यास ३६,००० किलोमीटर जावें लागेल. दिवसाला दीडशें किलोमीटर फिरणाऱ्या टॅक्सीस त्याला आठ महिने पुरतात. वीस किलोमीटरवरील कचेरीस जाऊन घरीं बसणाऱ्या माणसास मात्र सुमारें साडेतीन वर्षें लागतील. शिवाय या हिशेबांत रांग धरलेली नाहीं. घरगुती मोटारीचा मालक रांगेंत वर्तमानपत्र वाचील. रिक्षा चालविणाऱ्याचे दोन तास रांगेंत गेले, तर तेवढी त्याची कमाईच गेली. स्वस्त वायूचा फायदा ज्यास सर्वांत अधिक, रांगेचा तोटाही त्यासच सर्वांत अधिक.

दिल्लीनें हें फार मोठ्या प्रमाणांत अनुभवलें. शहरांतील सर्व बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत या वायूवर आणाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २८ जुलै १९९८ रोजीं दिला. हवेंतील काजळी कमी व्हावी हा त्यामागील हेतु रास्त होता. पण गाड्या बदलूं लागल्या त्या वेगानें पंप व कॉम्प्रेसर उभे राहिले नाहींत, आणि २००१ सालीं बस व रिक्षा यांच्या लांबच लांब रांगा रात्रंदिवस रस्त्यांवर उभ्या होत्या.

धोक्याविषयीं लोकांत भय अधिक, माहिती थोडी. मिथेन हवेहून हलका आहे. गळला तर वर चढून पांगतो, जमिनीलगत सांचून राहत नाहीं. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. खरें जपावयाचें तें दाबास. वायु भरतांना गाडींतील मंडळींना खालीं उतरवितात तें याचसाठीं. म्हाताऱ्या माणसांनीं कुरकुर न करतां उतरावें. टाकीची पाण्याच्या दाबानें दर तीन वर्षांनीं परीक्षा करून घेण्याचा नियम आहे, व परीक्षेची तारीख तिच्या पट्टीवर कोरलेली असते. जुनी गाडी घेणाऱ्यानें इंजिनाचा आवाज ऐकण्यापूर्वीं ती पट्टी वाचावी.

नळ जेथें पोंचला आहे तेथेंही पुरवठ्याची हमी पूर्ण नसते. नोव्हेंबर २०२५ मध्यें ट्रॉम्बे येथील खत कारखान्याच्या आवारांत मुख्य नळास इजा झाली, वडाळ्याकडे येणारा वायु अडला, आणि मुंबई व ठाण्याकडील कित्येक पंप बंद पडले. त्या दिवशीं ज्यांच्या पेट्रोलच्या टाकींत पांचसहा लिटर होते, त्यांच्या गाड्या चालल्या. बहुतेक घरगुती मोटारींत ही दुसरी टाकी असतेच. पण वायु स्वस्त म्हणून मालक ती महिनोन् महिने कोरडी ठेवतात. तींत थोडें पेट्रोल ठेवावें, आणि आठवड्यांतून एकदां दोनचार किलोमीटर गाडी त्यावर चालवावी, म्हणजे पेट्रोलच्या बारीक तोट्या तुंबत नाहींत.